मिस्त्री चाचांचा हरभरा

पाऊस लागला की तुमच्या घरात किती माणसं मुकी होतात? मोजलंय कधी?

प्रश्न माझा नाही, माधवनगरच्या मिस्त्री चाचांचा. छप्पर घालायला बोलावलं की ते आधी गिऱ्हाइकाला नमुन्याच्या पत्र्याखाली बसवत आणि वरून मूठभर हरभरा सोडत. मग कौलांखाली बसवून पुन्हा तेच. "आता सांगा, कशाखाली नांदणार?"

एक गडी साध्या पत्र्यावरच अडून बसला. चाचा त्याच्या बायकोकडे वळले. "घे बाई. चार महिने ह्याचं काईबी ऐकू यायचं न्हाई."

आमच्या अंगणवाडीची कौलं काढून सरपंचांनी निळा पत्रा घालायचं ठरवलं. चाचा म्हणाले, "पत्र्याखाली आवाज दाबणारा जाड थर द्या, आबा. पोरांस्नी ऐकू यायचं न्हाई."

"पाऊस काय बारमाही हाय व्हय?" सरपंचांनी विषय संपवला आणि नुसता पत्रा घातला.

त्या पावसाळ्यात अंगणवाडीत शिकवणाऱ्या ताईंचा घसा बसला. मुलं गाणं सोडून नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मी पेटलो आणि पत्रक काढलं. चाचांनी त्यात भजी बांधून घेतली. "लय झ्याक लिवलंस गड्या. पर आबा वाचतोय कुठं?"

सव्वीस जानेवारीला, लख्ख उन्हात, सरपंच अंगणवाडीत पालकांपुढे विकासावर बोलायला उभे राहिले. दुसऱ्याच वाक्याला डोक्यावर तडतड सुरू झाली. सरपंचांचे नुसते ओठ हलत होते. मुलं टाळ्या पिटत होती.

ते तणतणत बाहेर आले. "कोन हाय रं वर?"

छपरावर चाचा, हातात हरभऱ्याचं पोतं. "पाऊस हाय, आबा!"

ताई दारात आल्या. "आवं आबा, तुमी पाच मिनिटांत चिडला. मी अख्खा पावसाळा असंच शिकवलं."

पुढच्या महिन्यात पत्र्याखाली जाड थर बसला. चाचांनीच बसवला, आणि सरपंचांना शिडी धरायला उभं केलं.

चाचा गेल्या वर्षी वारले. परवा मुसळधार पावसात मी अंगणवाडीच्या दारात थांबलो होतो. आत एक चिमुरडी हळूच म्हणाली, "ताई, शू लागली." ताईंना ते ऐकू गेलं.

पुढच्या पावसात तुमच्या गावच्या अंगणवाडीत दहा मिनिटं बसा. ऐकू आलं नाही, तर दुसऱ्याच दिवशी ग्रामपंचायतीत अर्ज द्या, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.