तांबडा घरी येणार

“आधी हिचं तोंड हलू द्या, मग माझं हलंल.”

शर्यतीच्या दिवशी आबांचे पहिले वाक्य हेच असे. भोरच्या मोटारतळाजवळ टांगा उभा करून ते घोडीच्या तोंडाला हरभऱ्याचा तोबरा बांधत आणि चाकाला टेकून राहत. भोवती जमलेली मंडळी तिच्या जबड्याकडे पाहत ताटकळत. ती चघळू लागली, की आबा माझ्याकडे वळत. “वाचा, मास्तर.”

मी तेव्हा तेथील शाळेत नुकताच लागलो होतो. चारचौघांत बोलण्याचा मला संकोच; पण पुण्याहून सकाळच्या मोटारीने येणारे इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारा त्या घोळक्यात मी एकटाच होतो. मी त्या दुपारी पुण्याच्या शर्यतीत धावणाऱ्या घोड्यांची नावे वाचायची आणि आबांनी डोळे मिटून निवाडा द्यायचा. गुडघ्यावर लाथ बसून गावी परतेपर्यंत त्यांचे सारे आयुष्य पुण्याच्या एका तबेल्यात घोड्यांच्या मोतद्दारीत गेले होते.

“ही नगं. हिची आई पन पावसात रुसायची.”

हे भाकीत किती खरे ठरे, ते विचारू नये. तुम्हीही असे जाणकार पाहिले असतील. त्यांच्यावर विश्वास नसतो, तरी त्यांचे ऐकल्यावाचून राहवत नाही.

“आबा, मागल्या खेपंचा तुमचा घोडा अजून पोचला न्हाई म्हनं!”

“यील की. कात्रजच्या घाटात आसंल.”

एकाच नावापाशी मात्र त्यांचे डोळे उघडत. कागदावर त्या घोड्याचे इंग्रजी नाव काहीही असो, आबांसाठी तो तांबडा होता. शिंगरू असल्यापासून त्यांनी त्याला वाढवले होते. गावी निघताना तबेल्याच्या मालकाने त्यांना शब्द दिला होता, की धावणे संपले की तांबडा तुझा. आबांनी घोडीच्या शेजारी दुसरी दावण बांधून ठेवली होती. तिच्याखालचे गवत ते दर पावसाळ्यात बदलत. आणि तांबडा जिंकला, की त्याचे घरी येणे पुढे जाई.

“आबा, तांबड्यावर पैसे लावू का?”

“नगं. चिखलात त्येचा पाय उचलत न्हाई.”

“खरं सांगताय, का त्यो लौकर घरी यावा म्हनून?”

“नगं म्हनलं न्हवं!”

तांबडा धावायचा त्या दिवशी त्यांना एका जागी बसवत नसे. कापूरहोळचे उतारू सोडून ते घाईने परतत, घोडी सोडत, पुन्हा जुंपत. संध्याकाळच्या मोटारीचा ड्रायव्हर खिडकीतूनच निकाल ओरडे. तांबडा लागला असला, की आबा मांडीवर थाप मारत. “बगा माझं लेकरू!” आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा उतरे. तो हरला, तर जॉकीच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. दोन्हीकडून त्यांच्या जिवाला स्वास्थ्य नव्हते.

अखेर एका हंगामात तांबडा हरतच गेला आणि मालकाचा निरोप आला. आबा पुण्याला गेले आणि दुखरा गुडघा ओढत, घाट उतरून, त्याला चालवत घेऊन आले. बाजारपेठ पाहायला लोटली. उंच, सडसडीत, तांब्याच्या घासलेल्या घंगाळासारखा तो झळकत होता.

“आबा, टांग्याला जुंपनार?” कोणीतरी विचारले.

“आधी तुला जुंपीन.”

पण तांबडा खाईना. हरभरा, गूळ, हिरवे गवत, सारे हुंगून तो मान फिरवी. दूर मोटारीचा आवाज आला, की कान टवकारून पाय आपटू लागे. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. शर्यतीचा दिवस उजाडला, मंडळी जमली, मी वर्तमानपत्र उघडून उभा राहिलो. घोडीचा तोबरा केव्हाच संपला होता. आबा मात्र ओंजळ धरून तांबड्यापुढे उभे होते. त्याचे तोंड काही हलले नाही.

“ऱ्हाऊ द्या, मास्तर,” आबा म्हणाले.

मंडळी पांगली. मी तसाच थांबलो.

“शेजारी धा घोडी लागत्यात त्येला,” ओंजळीतला हरभरा तोबऱ्यात परत टाकत ते म्हणाले. “खरारा, पोरांची वरड, पहाटंची धाव. हितं त्यो एकला. म्या इतकी वर्सं त्येला घरी बोलवीत व्हतो, मास्तर. त्येचं घर तितंच व्हतं.”

“मग आता?”

“मालकाला इचारतो. नव्या घोड्यांच्या सोबतीला जानता घोडा लागतोच.”

“आणि तुम्ही?”

“त्यो गेल्यावर म्या हितं काय करू?”

टांगा आणि घोडी पुतण्याच्या हवाली करून ते सकाळी निघाले. मी वेशीपर्यंत गेलो. आबा लंगडत होते, आणि उभा जन्म वाऱ्याशी झुंजलेला तो घोडा त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवून अगदी सावकाश चालला होता. वळणापर्यंत दोघांपैकी कोणीही मागे पाहिले नाही.

वर्तमानपत्र येतच राहिले. शर्यतीच्या दिवशी मी सवयीने टांग्यापाशी जाई, घोडीचे तोंड हलण्याची वाट पाही आणि हलक्या आवाजात नावे वाची. भोवती कोणी नसे. तांबड्याचे नाव आता त्यात नव्हते. तरी यादी संपली, की मी क्षणभर थांबत असे. चाकापाशी कोणीतरी डोळे उघडील म्हणून.