गोल मेरा नहीं

"गोल मेरा नहीं, पास मेरा." कोणी पाठ थोपटली की कोच खांदे झटकायचा, जणू कोणी दुसऱ्याचा कोट त्याच्या अंगावर चढवतंय.

आखातातल्या मंगफमध्ये आमच्या मराठी पोरांना तो शुक्रवारी सकाळी फुटबॉल शिकवायचा. पश्चिम आफ्रिकेतला माणूस, उंची अशी की विमानं वळसा घालून जात असावीत. एके काळी देशाच्या संघाचा नामांकित मिडफिल्डर. हिंदी मात्र इथल्या बाजारातलं. पोरगं एकटंच चेंडू दामटत निघालं की ओरडायचा, "अकेला किधर जाता? शादी है तेरा?"

हातात आलेलं पुढे द्यायचं, हाच त्याचा धर्म. चहा दिलात तरी कप शेजाऱ्याकडे जायचा.

मंडळाने त्याचा सत्कार ठरवला. कोच कडक इस्त्रीचा झगा घालून आला आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर त्याने फोन उभा केला. पडद्यावर त्याचा जुना जोडीदार, संघाचा गोल मारणारा गडी, आता अंथरुणाला खिळलेला.

परिचय करून देणार मी. तुम्ही मला ओळखताच, एकाचे शंभर करणारा. पाहुण्यांना कळावं म्हणून इंग्रजीत सुटलो. "यांनी देशासाठी शंभर गोल मारले! अंतिम सामन्यातला तर जाळं फाडून समुद्रात गेला!"

कोचने माइक घेतला. मान खाली. "मेरा एक भी नहीं. फायनल का गोल उसका." बोट फोनकडे.

आता आपल्याकडे प्रत्येक सत्कारमूर्ती "मी याला पात्र नाही" म्हणतोच. तेव्हा सभागृह उसळलं. "काय हा विनय!" तो जितकं "नहीं, नहीं" म्हणे, तितक्या टाळ्या वाढत. सगळ्यांत मोठ्या माझ्या.

तेवढ्यात फोनचा पडदा काळा झाला. जोडीदाराला माझं इंग्रजी कळलं होतं, कोचचं हिंदी नाही. कोचने शाल खांद्यावरून काढून घडी केली. मला वर बघवेना.

पुढच्या शुक्रवारी तो मैदानावर आला, पण शिट्टीशिवाय.

"दोस्त फोन नहीं उठाता. अपना मुल्क जाता मैं. सामने बैठ के बोलेगा."

"कोच, मैं उसको समझाता हूँ..."

"तू मत बोल, भाई. तू बहुत बोलता."

त्याने पिशवीतून सत्काराचा नारळ काढला, वाळूत ठेवला आणि पायाच्या आतल्या बाजूने हलकेच ढकलला. नारळ गडगडत माझ्या चपलेपाशी येऊन थांबला.

"वो सौ गोल तेरा," म्हणाला, आणि फाटकाकडे चालू लागला.

आपल्याकडे नारळ देणं म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पास मात्र अगदी मापात आला होता.