गालिच्यावरची हळद

आमच्या बैठकीतल्या गालिच्यावर तळहाताएवढा एक फिकट पिवळा डाग आहे. दुपारी खिडकीतलं ऊन त्याच्यावर आलं की दिसतो, ऊन सरकलं की जातो. जेवण झाल्यावर मी तिथंच आडवी होते. धड झोप नाही, धड जाग नाही, अशा त्या घटकेत मला ढोल ऐकू येतात, नदीवरचा ओरडा ऐकू येतो, आणि ओल्या लोकरीचा वास येतो. डोळे उघडले की काही नसतं. पंखा फिरत असतो.

मी सावरगावची लेक आणि पांढुर्ण्याची सून. मध्ये फक्त जाम नदी आणि एक पूल. माहेरी फोडणी पडली तर सासरी ठसका लागावा, एवढंच अंतर. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते, तेव्हा तो पूल असून नसल्यासारखा होतो. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याच्यावर झेंडा. पांढुर्ण्याचे तो काढायला जातात, सावरगावचे काढू देत नाहीत, आणि दोन्ही काठांवरून गोटे सुटतात. फार पूर्वी पांढुर्ण्याच्या पोरानं सावरगावची पोरगी पळवली, दोघं नदीतच अडकली, तेव्हापासूनची ही रीत म्हणतात. आमचे हे दर वर्षी हसून सांगायचे, "म्याही तुले सावरगावातूनच पळवून आणली." पत्रिका जुळवून, तीनदा पोहे खाऊन पळवली म्हणे! पळवणारा पाहा.

हे पांढुर्ण्याकडून गोटे मारायचे आणि माझा धाकटा भाऊ सावरगावकडून. एरवी दोघं एका ताटात जेवणारे. भावाला मोटरसायकल यांनीच शिकवली, बगीच्यात संत्र्याची कलमं लावताना पहिला खड्डा भावानं खोदला. त्या एका दिवसापुरते ते वैरी. मी गच्चीवर उभी राहायची. ओरडा कोणत्याही काठावरून उठो, मी कठड्याकडे धावायची, कारण दोन्हीकडे माझंच माणूस. मला या खेळाचा राग आहे. तेव्हाही होता, आजही आहे. पण बायकांना विचारतो कोण?

अकरा वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी यांनी नागपूरहून हा गालिचा आणला. दुधाळ रंग, कडेनं हिरवी वेल. रेल्वेतून उतरून स्टेशनपासून घरापर्यंत खांद्यावर घेऊन आले, वाटेत चार जणांना उलगडून दाखवला. असा पांढरा गालिचा शेतकऱ्याच्या घरी कोण आणतं, म्हणून मी भांडले. मग रात्रभर त्याच्यावरून हात फिरवला, ते वेगळं.

गोटमारीच्या दिवशी हे नदीवर गेले. सासूबाई पोराच्या रक्षणासाठी चंडीमातेला नारळ फोडायला गेल्या. घरात मी एकटी. दार लोटलेलं होतं. ढकलल्याचा आवाज आला म्हणून बाहेर आले तर भाऊ गालिच्यावर बसलेला, एका पायात चप्पल, आणि भुवईच्या वरून रक्त वाहून राहिलेलं. झाडापाशी होता तो, तिथून आमचाच काठ जवळ पडला, म्हणून इकडेच चढून आला.

"माय व माय!" मी धावले. हळदीचा अख्खा डबा आणला आणि मूठभर हळद जखमेवर दाबली. अर्धी जखमेवर, अर्धी गालिच्यावर.

तो म्हणाला, "ताई, जिजाजीचा गोटा होता. म्या पाह्यलं त्यायले. त्यायनं मले नाही पाह्यलं. तुले माही शपथ, त्यायले सांगू नको."

मला आधी राग आला. नवऱ्याचा, भावाचा, त्या पळसाच्या झाडाचा. पण भाऊ बरोबर बोलत होता. आमचे हे मनानं फार हळवे. बैलाला चुकून पराणी जोरात लागली तर दोन दिवस न जेवणारा माणूस. आपण साळ्याचं डोकं फोडलं हे कळलं असतं तर ते माझ्या माहेरची पायरी पुन्हा चढले नसते. कोणी समजावलं तरी नाही. मग माझी भाऊबीज कुठली आणि माहेर कुठलं!

मी फोन केला तसा भावाचा मित्र मागच्या दारी मोटरसायकल घेऊन आला. डोक्याला गमछा बांधून, उरलेली एक चप्पल दाराशीच टाकून भाऊ त्याच्यामागे बसला. सौंसरला आमची मावशी राहते, तिथं टाके घालायचे, आठ दिवस राहायचं, आणि घरी सांगायचं की मावशीचा बगीचा पाहायला गेलो. ते गेले. मी गालिच्यासमोर उरले.

रक्ताला गरम पाणी लावायचं नाही, हे बाईला कोणी शिकवावं लागत नाही. घागरीतलं गार पाणी घेतलं, मूठभर मीठ टाकलं. वातींसाठी ठेवलेला कापूस होता, त्याचे बोळे बुडवून दाबत गेले. घासायचं नाही, नुसतं दाबायचं आणि उचलायचं. बोळा लाल होऊन यायचा, मग गुलाबी, मग जवळजवळ पांढरा. बाहेर ढोल वाजत होते. दाबताना मला मधूनच वाटायचं की मी भावाच्या कपाळावरच कापूस धरला आहे, तो लहान आहे, आणि पडून आलाय. किती वेळ गेला कोणास ठाऊक. रक्त निघालं. नुसती हळदीची पिवळी छटा उरली.

ती निघावी म्हणून मी कपड्याचा साबण फिरवला. आणि देवा रे! सगळं लालभडक झालं. पहिल्यापेक्षा मोठं, पहिल्यापेक्षा लाल. जितकं घासावं तितकं पसरत गेलं. मला खरंच वाटलं, रक्त परत आलं. भावाला तिकडे काही झालं आणि इथं ते उमटलं, असंच मनात आलं. मी हातातला साबण टाकला आणि मोठ्यानं रडायला लागले.

तेवढ्यात सासूबाई आल्या. हातात नारळाची भकलं. दारातूनच म्हणाल्या, "काय सांडलं व?"

"हळद," मी म्हटलं.

"हळदीवर साबण लावते का बावळटे? पार कुंकू करून टाकलं. ऊठ, लिंबू आण."

त्यांनी लिंबू पिळलं आणि माझ्या डोळ्यांदेखत तो लाल डाग पुन्हा पिवळा झाला. मी बघतच राहिले. कुंकू हळदीचंच होतं हे लहानपणापासून ऐकलेलं, पण घाबरलेल्या माणसाला काय आठवतं? सासूबाई गालिचा अंगणात ओढून नेऊ लागल्या. "उरलेली हळद ऊन खाऊन टाकते," म्हणाल्या. मग त्यांची नजर कापसाच्या बोळ्यांवर गेली. तिथून दाराशी पडलेल्या एकट्या चप्पलेवर. मला वाटलं, आता विचारणार.

त्यांनी बोळे उचलून चुलीत टाकले. "चप्पल उचल," म्हणाल्या. "माह्या पोराची नजर बारीक आहे."

संध्याकाळच्या आत हे आले. आल्या आल्या अंगणातल्या ओल्या गालिच्यापाशी थांबले. सासूबाई म्हणाल्या, "माह्या हातून हळद सांडली रे." हे गालिच्याच्या कडेशी खाली बसले, वेलीवरून बोट फिरवलं, आणि म्हणाले, "आज खांदा गेला माहा."

त्यानंतर हे गोटमारीला गेले नाहीत. खांदा वर होत नाही म्हणाले. मी तेल कोमट करून चोळायला लागले. आठवड्यातून दोनदा, अकरा वर्षं. भाऊही पुन्हा नदीवर गेला नाही. मात्र गोटमारीच्या दुपारी त्याचा फोन येतो. "जिजाजीचा खांदा कसा आहे?" एवढंच विचारतो.

सासूबाई आता नाहीत. त्या गेल्यापासून गोटमारीला चंडीमातेला नारळ फोडायला मी जाते. यंदा गर्दी पाहून लवकर परतले. घरात शिरले तर हे गच्चीच्या जिन्यावर, गालिच्याची गुंडाळी खांद्यावर. त्याच खांद्यावर! तरण्याबांड पोरासारखे चढून राहिलेले.

"खांदा?" मी खालून विचारलं.

ते थांबले. गुंडाळी उतरवून पायरीवर टेकवली आणि तिथंच बसले. "दर साली तू मंदिरात गेली का मी याले ऊन दाखवतो," म्हणाले.

"खांद्याचं विचारून राहिली मी."

"त्या दिवशी गोटा हातातून सुटला अन् म्या पाह्यला कुठं लागला तो. तुह्या भावाची मान मांगं गेली. घरी आलो तं गालिचा वाळून राहिला होता."

"मंग बोलले काऊन नाही?"

"तुम्ही सगळे लपवून राहिले होते. माह्यासाठीच नं? मंग म्या ते कशाले मोडू?"

मला पुन्हा आधी रागच आला. "अकरा वर्षं फुकट तेल चोळून घेतलं!" म्हणून मी ओरडले. त्या सालापासून बगीच्यातल्या संत्र्यांची पहिली पेटी दर दिवाळीला हे स्वतः डोक्यावर, एका हातानं धरून, पूल ओलांडून माझ्या माहेरी नेतात, गाडी असून. मी हसायची, लोकांना दाखवता म्हणून चिडवायची. हा माणूस साळ्याच्या दारात पेटी उतरवून वाकलेला माझ्या डोळ्यांसमोर आला, एक नाही, अकरा वेळा.

फोन वाजला. भाऊच होता. "ताई, जिजाजीचा खांदा कसा आहे?"

हे वरून माझ्याकडे पाहत होते. डोळ्यांत पाणी, आणि मान नाही, नाही अशी हलवत होते.

"दुखूनच राहिला रे," मी म्हटलं. "मी तेल लावून राहिली."