एक अणू कमी

मुरुम गावाजवळ माझ्या भावाच्या शेतात बोअरची मोटार दुरुस्त होऊन आली होती. ती दोरानं खाली सोडायची होती. घराला आणि जनावरांना पाणी देणारा तो एकच बोअर. दोर तुटून मोटार तळाला गेली तर बोअर हातचा जातो, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

दोर जुना, तीन पेडांचा, नायलॉनचा. भावानं आणि शेजाऱ्यानं तो दोन टोकांना धरून ओढून पाहिला. "कायबी झालं न्हाय," भाऊ म्हणाला.

मोटार सोडणारे मिस्त्री साठीचे. ते दोर ओढत नाहीत. डोळे मिटून अख्खा दोर चिमटीतून सरकवतात.

"मिस्त्री, झोप लागली का?" शेजाऱ्यानं विचारलं.

"तुमी बोलत ऱ्हावा, म्हंजी लागायची न्हाय." मग त्यांची बोटं थांबली. "इथं एक पेड झिजलाय." त्यांनी तिथं लाल चिंधी बांधली.

"दोन हायत की अजून!" भाऊ म्हणाला.

भावाची मुलगी पुण्याहून सुटीला आली होती. ती कार्बनच्या नळ्यांवर संशोधन करते. या नळ्या केसाहून हजारो पट बारीक, तरी पोलादाहून मजबूत. संगणकावर ती अशा नळीतला एक अणू काढते आणि नळी तुटेपर्यंत ताणते. तिनं सांगितलेलं मी टिपून घेतलं. थोड्या ओढीला सदोष नळी अखंड नळीइतकीच ताठ असते. फरक पुढं पडतो. गेलेल्या अणूचा भार शेजारच्या बंधांवर येतो, ते आधी तुटतात आणि चीर तिथूनच धावते.

"म्हणून हातानं ओढून कळत नाही, अप्पा," ती वडिलांना म्हणाली. "दोर तरी थोडं सांभाळून घेतो. नळी तेवढंही घेत नाही."

"लई शिकलीस. आता माझ्या दोरावर आलीस व्हय?"

तरी त्यानं शेजाऱ्याला नवा दोर आणायला बाजारात पाठवलं. तोवर जुन्या दोराचं एक टोक लिंबाच्या बुंध्याला बांधलं, दुसरं ट्रॅक्टरला, आणि सावकाश ट्रॅक्टर पुढं घेतला. दोर ताणला. काही क्षण काहीच झालं नाही. मग तो चिंधीपाशी तुटला.

भाऊ बोअरच्या तोंडाशी जाऊन आत बघून आला.

नवा दोर आला तेव्हा त्यावरचा कागदही निघाला नव्हता. भावानं तो तसाच मिस्त्रींच्या हातात दिला.

"घ्या," तो म्हणाला. "मिटा डोळे."