टँकरच्या यादीचा प्रोग्रॅम

लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. आमच्या कार्यालयात संगणक आला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला आणि साहेबांनी त्याच्यावर अर्धा तास भाषण केलं. तो चालू कसा करतात, हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

मी बेसिक शिकलो होतो. नवशिक्यांसाठीच केलेली भाषा, कारकुनालाही जमते. तिच्यात मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. ज्या गावाला टँकर जाऊन जास्त दिवस झाले, ते गाव यादीत वर. शेजारच्या टेबलावरच्या मित्रालाही मीच सगळं शिकवलं.

पहिली यादी फलकावर लागली. अहमदपूरकडचं एक गाव बारा दिवस कोरडं होतं, ते तळाला. साहेबांच्या ओळखीची गावं वर. माझंच चुकलं असेल म्हणून प्रोग्रॅम उघडला. दिवस मोजणाऱ्या ओळी गायब होत्या. त्यांच्या जागी गावांची नावं ठरवून दिलेल्या क्रमानं छापायची आज्ञा होती.

"हे काय केलं?"

"साहेब म्हनले, यादी अशीच निघाली पायजे," मित्र म्हणाला. "छापायचं तुमीच शिकवलं की."

तेवढ्यात त्या गावची एक बाई रिकामी घागर घेऊन दारात आली. "मशीनचा आमच्यावर राग हाय का, साहेब?"

मी बोलायच्या आत मित्रानं माझ्याकडं बोट दाखवलं. "मशीनचं सगळं हेच बघतेत, मावशी."

"मंग उद्या आमचं गाव वर घ्या," ती मला म्हणाली.

ते माझ्या हातात नाही, असं मी सांगितलं. तिला ते खोटं वाटलं.