सापसुरळीला धुरी

लेक घर सोडून गेली आणि जाताना तिनं पाळलेली सापसुरळी आमच्या गळ्यात मारून गेली. आपल्याकडं उसात दिसते तसली बारकी नव्हे. हातभर लांब, जाडजूड, आखूड पायांचं परदेशी जनावर. चिडलं की फुस्स करून जीभ काढायचं आणि जीभ निळी, जांभळं खाल्लेल्या पोरासारखी. गल्लीतल्या बायका दारातनंच विचारायच्या, "चावतंय का वो?" मी म्हणायची, "माणसांपेक्षा कमीच."

लेकीनं आपल्या मनानं लग्न केलं, जातीबाहेर. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्या दिवशी फर्मान काढलं, "आजपास्नं ह्या घरात तिचं नाव काढायचं न्हाय." स्वतःही कधी काढलं नाही. माझा फोन तेवढा वाजायचा. पण 'आई, कशी हाईस' म्हणून नव्हे. "दाखव की त्याला," म्हणायची. मी मोबाईल त्याच्या काचेच्या पेटीला लावायची आणि ती पुण्यात बसून त्या जनावराशी लाडं लाडं बोलायची. मी नुसती मोबाईलचा स्टँड! राग यायचा, का नाही यायचा? पण लेकीचा आवाज कानावर पडायचा. त्यासाठीच मी ते जगवत होते, खोटं कशाला बोलू.

आम्ही लिंगायत. ह्या घरात अंडं कधी आलं नव्हतं. आता मी परसात वेगळ्या चुलीवर, वेगळ्या डब्यात अंडं उकडून कुस्करायची, वर भोपळ्याचा कीस. हे नाकाला टॉवेल लावून बाहेर जायचे. पेटीच्या एका टोकाला दिवा लावायचा, त्याला ऊब लागते म्हणून. बोटांवर कात अडकली की कोमट पाण्यात भिजवून कापसानं सोडवायची, नाहीतर बोट झडतं. सगळं लेकीनं फोनवरच शिकवलेलं.

परवा दिवाळी झाल्यावर कोडोलीला भाचीच्या डोहाळजेवणाला गेले. ह्यांना बजावलं, "त्या दिव्याकडं तेवढं बघा." दुसऱ्या दिवशी परत आले तर दारातनंच धूर. पिशवी दारातच टाकून धावले.

आत हे उकिडवे बसलेले. पुढ्यात शेगडी, ओवा आणि लसणीच्या सालींचा वास. माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ते जनावर त्यांनी निखाऱ्यांवर धरलेलं. अंगाला तेल चोपडलेलं.

"रातभर लाईट गेलती," म्हणाले. "पार गार पडलं हुतं गं. तेल लावून आंघोळ घातली, आता धुरी देतोय. आपल्या पोरीला देत हुतीस की तू, न्हाऊ घातल्यावर."

लेक गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडून 'आपली पोरगी' आलं होतं. मला ते तेव्हा ऐकूच आलं नाही. माझं डोकं फिरलं. "अक्कल गहाण टाकलीसा व्हय? तान्हं पोर हाय का ते?" म्हणत जनावर हिसकावून घेतलं. गल्ली गोळा होईल एवढी ओरडले.

संध्याकाळपासून ते तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागलं. नाकाशी बुडबुडे. गुरांच्या डॉक्टरकडं नेलं. ते बिचारे म्हणाले, "म्हशीचं इचारा, कुत्र्याचं इचारा. ह्याची छाती धुरानं भरलीया, एवढंच कळतंय मला." औषधाचे थेंब दिले. ह्यांनी, ज्यांनी जन्मात अंड्याला हात लावला नव्हता, त्यांनी अंडं सोललं, कुस्करलं, चमच्यानं त्याच्या तोंडाशी धरलं. "खा की रं. एक घास." त्यानं मान फिरवली. चमचा धरून हे बसूनच राहिले. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांच्याकडं बघवतही नव्हतं.

बुधवारी ते मेलं. परसात कढीपत्त्याच्या बुडाशी ह्यांनीच खड्डा काढला.

काल लेकीचा फोन आला. मी कॅमेरा लावलाच नाही, म्हटलं रेंज नाही. ती खुशीत होती. "आई, मोठं घर मिळालंय आम्हाला. रविवारी येते त्याला न्यायला. अप्पा घरात नसतील असं बघ."

स्पीकर चालू होता. हे समोरच बसलेले. तोंड एवढंसं झालं.

मेलंय ते, असं सांगायला मी तोंड उघडलं. तर ह्यांनी माझ्यापुढं हात जोडले. आख्ख्या संसारात ह्या माणसानं माझ्यापुढं कधी हात जोडले नव्हते. मेलं म्हटलं तर ती यायची नाही, हे त्यांना कळलं होतं आणि मलाही.

"ये," म्हटलं. "लवकर ये."

आज सकाळपासून हे पेटीची काच पुसतायत. मी दोनदा म्हटलं, राहू द्या आता. ऐकत नाहीत. रविवारी लेक येईल, आल्या आल्या पेटीत हात घालेल. आम्ही दोघं दारात उभे असू. तिनं विचारलं तर सांगू काय? आणि सांगितल्यावर ती मला फोन तरी कशाला करेल?