गरवायला निघताना

हे ओटीवर बसून गळाला कोंबड्याचं पांढरं पीस बांधत होते. पाण्यात ते पीस बारक्या मासोळीसारखं हलतं आणि मोठा मासा त्यावर झडप घालतो. गाठ मनासारखी बसली की ह्यांचा चेहरा असा खुलतो, की मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून चोरून बघत राहते.

आमच्याकडे गळ घेऊन मासे गरवायला निघालेल्याला "कुठे?" म्हणून कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. सांगितलं की मासा लागत नाही म्हणतात. लग्न झाल्यापासून मी तो प्रश्न गिळत आले. आपल्या माणसाचा आनंद राखायचा, तर थोडं अंधारात राहावंच लागतं. पण गेल्या महिन्यात ह्यांना अंगणात भोवळ आली, तेव्हापासून तो प्रश्न घशातच अडकून बसलाय. खाडीला निसरडे खडक काय थोडे आहेत?

आजही मी एवढंच म्हटलं, "टोपी घ्या."

फाटकाची कडी लावताना हे थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "देवळामागच्या खडकावर असेन गं."

मासा लागणार नाही हे माहीत असूनही त्यांनी सांगितलं. म्हणजे त्या भोवळीची धास्ती त्यांनाही होती.